'व्हॅनिटी' अथवा जमेस धरलेले उणे

इंग्रजांचे राज्य १९४७ साली गेले. त्यांच्या भाषेतील शब्द मात्र आमच्या बाजारात, कचेरीत व माजघरात कायमचे राहिले. ह्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. फारसीतून आलेले 'दुकान' आणि पोर्तुगिजांची 'चावी' ज्या मराठीने पचविली, तिला आणखी दहावीस इंग्रजी शब्दांचे अजीर्ण होईल असे नाही. परंतु सोयरीक करण्यापूर्वी आमचे लोक कूळ व शील ह्यांची जी चौकशी करितात, ती परके शब्द घरात घेताना करीत नाहीत, ही गोष्ट खरी. 'व्हॅनिटी' हा अशा बिनचौकशीच्या शब्दांपैकी एक होय. स्त्रियांच्या हाती 'व्हॅनिटी बॅग' असते. चित्रीकरणाच्या जागी नटनट्यांकरिता 'व्हॅनिटी व्हॅन' उभी असते. आणि ज्या आकड्यांनी दुकानाची शोभा वाढते पण गल्ला वाढत नाही, त्यांस अलीकडचे व्यापारशास्त्री 'व्हॅनिटी मेट्रिक' म्हणतात. शब्द असा सर्वतोमुखी झाला आहे. त्याचा अर्थ विचारावा तर एक गृहस्थ 'गर्व' असा सांगतात, दुसरे 'व्यर्थता' असा सांगतात, आणि कोश उघडून पाहावा तर दोघेही खरे ठरतात.

येथेच विचारास जागा आहे. गर्व झालेल्या मनुष्यास आपण काठोकाठ भरलेले आहो असे वाटते. व्यर्थ वस्तू तर आतून रिकामी असते. भरलेपण व रिकामेपण ह्या दोन टोकांस एकच नाव कसे पडले? शब्दांचे अर्थ वाऱ्यासारखे फिरतात, त्यांत न्याय शोधू नये, असे कोणी म्हणेल. आमचे मत तसे नाही. ह्या शब्दाचा आठशे वर्षांचा प्रवास पाहिला असता त्यात मनुष्यस्वभावाविषयी एक पक्का निवाडा आढळतो, आणि तो आज आमच्या समाजास लागू पडणारा आहे. म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढे मांडीत आहो.

प्रथम कुळाची गोष्ट. इंग्रजीत हा शब्द इ. स. १२०० च्या सुमारास जुन्या फ्रेंच भाषेतून आला. फ्रेंचात तो लॅटिनमधील 'वानितास' ह्या नामापासून आला, आणि त्या नामाचे मूळ 'वानुस' हे विशेषण. 'वानुस' म्हणजे रिकामा, पोकळ, ज्यात सार नाही असा. आमचा शेतकरी ज्या दाण्यास पोचट म्हणतो, तसलाच तो अर्थ. इंग्रजीत आल्यावर प्रथम शब्दाने हाच अर्थ धरून ठेविला. जे निरर्थक, जे फोल, ते 'व्हॅनिटी'. पुढे चौदाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो मनुष्याच्या स्वतःविषयीच्या पोकळ मोठेपणास लागू लागला. आणि 'व्हेन' ह्या विशेषणास आढ्यतेचा अर्थ येऊन चिकटण्यास तर सतरावे शतक संपत यावे लागले. म्हणजे रिकामेपण हा ह्या शब्दाचा थोरला अर्थ व गर्व हा धाकटा. थोरला अर्थ अद्याप हयात आहे. केलेला प्रयत्न फुकट गेला म्हणजे इंग्रज आजही 'इन व्हेन' म्हणतो, आणि त्यात गर्वाचा गंधही नसतो.

ह्या घराण्यातील इतर मंडळीही पाहण्यासारखी आहे. 'व्हॅनिश' म्हणजे दिसेनासे होणे. 'इव्हॅनेसंट' म्हणजे क्षणात विरून जाणारे. ही दोन्ही 'वानुस'चीच संतती. तिसरा भाऊ 'व्हाँट', म्हणजे बढाई मारणे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ज्या क्रियापदाचा अर्थ पोकळ बोलणे, तेच फ्रेंचातून इंग्रजीत येताना बढाई झाले. अर्थात जे विरून जाते त्यास आणि जे छाती फुगवून सांगितले जाते त्यास रोमन लोकांनी एकाच धातूतून नावे दिली. ह्याच्या शेजारी 'कन्सीट' ह्या शब्दाची कथा ठेवून पाहावी. तो मुळात निरुपद्रवी शब्द. अर्थ एवढाच, की मनात आलेली कल्पना. पुढे स्वतःविषयीच्या कल्पनेस 'सेल्फ-कन्सीट' म्हणू लागले, आणि थोड्याच काळात 'सेल्फ' हा पूर्वार्ध गळून नुसत्या 'कन्सीट'चाच अर्थ आढ्यता असा होऊन बसला. जणू मनुष्याच्या मनात कल्पना येते ती बहुधा स्वतःविषयीचीच येते, असे त्या भाषेने अनुभवाने ठरविले!

शब्दाचा थोरला अर्थ ज्या ठिकाणी आजही मानाने नांदतो, ते ठिकाण म्हणजे न्यायमंदिर. आम्ही कायद्याचे विद्यार्थी असताना लॅटिनमधील एक जुने सूत्र शिकलो. त्यात हाच 'वानुस' शब्द बहुवचनी आलेला आहे. सूत्राचा आशय असा, की कायदा कोणासही व्यर्थ वा निरुपयोगी कृत्य करावयास लावीत नाही. जे जहाज समुद्रात बुडाले ते आणून हवाली करा, असा हुकूमनामा कोणतेही शहाणे न्यायाधीश करणार नाहीत. जी गोष्ट केल्याने काहीच साधत नाही, ती करण्यास सरकारचा हुकूम मनुष्यास लावीत नाही. मग लोकरूढीचा हुकूम त्यास तीच गोष्ट कर्ज काढून करावयास कशी लावितो, हा प्रश्न वाचकांनी मनात ठेवावा. त्याकडे आम्ही शेवटी वळणार आहो.

ह्या शब्दास युरोपात जी एवढी प्रतिष्ठा मिळाली ती ख्रिस्ती धर्मग्रंथामुळे. बायबलच्या जुन्या करारात 'उपदेशक' नावाचे एक लहानसे पुस्तक आहे. मनुष्याचे श्रम, संपत्ती, विद्या, भोग ह्या सर्वांचा हिशेब करून तो ग्रंथकार एकच शब्द पुनःपुन्हा उच्चारितो. मूळ हिब्रू भाषेत तो शब्द 'हेवेल' असा आहे, व त्याचा साधा अर्थ श्वास किंवा वाफ. थंडीच्या पहाटे तोंडातून निघालेली वाफ डोळ्यांस दिसते, पण मुठीत धरता येत नाही. तसे हे सर्व, असा त्याचा अभिप्राय. आदमाचा जो पुत्र भावाच्या हातून अकाली मारला गेला त्या हाबेलचे हिब्रू नावही हेच. ग्रीक भाषांतरकारांनी वाफेचे चित्र सोडून निष्फळता हा भाव घेतला. आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेम येथे राहून लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमने तेथे 'वानितास' हा शब्द घातला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन विक्लिफच्या अनुयायांनी लॅटिनवरून इंग्रजी केले, त्यात तोच शब्द उतरला; आणि जेम्स राजाच्या आज्ञेने झालेल्या १६११ च्या भाषांतराने तो इंग्रजांच्या कानात कायमचा बसविला. येणेप्रमाणे क्षणभंगुर वाफेचे झाले रिकामेपण. परंतु हे ध्यानात ठेवावे की त्या ग्रंथात ह्या शब्दाने कोणाच्या गर्वाची निंदा केलेली नाही. राजाचे व मजुराचे श्रम तेथे एकाच मापाने मोजले आहेत.

मग रिकामेपणापासून गर्वापर्यंत शब्द कोणत्या वाटेने गेला? आमच्या समजुतीप्रमाणे ह्याचे उत्तर आमच्याच भाषेत अधिक स्पष्ट सापडते. पोकळ वस्तूचा आवाज मोठा असतो, हे आमच्या बायकांस पाणवठ्यावर कळते. अर्ध्या घड्याचा हिंदकळा त्यांच्या नित्य पाहण्यातला आहे. 'फुगणे' हे क्रियापद आम्ही फुग्यास लावतो आणि मिजासखोर माणसासही लावतो. वासाचा 'भपकारा' आणि लग्नाचा 'भपका' हे सख्खे भाऊ दिसतात. आणि 'शून्य' हा शब्द घ्या. भाषाशास्त्राचे अभ्यासक त्याचा संबंध 'शून', म्हणजे सुजलेला, ह्या शब्दाशी लावितात. जे सुजले ते आतून पोकळ, ही कल्पना आमच्या पूर्वजांच्या भाषेत इतकी जुनी आहे. लॅटिन शब्द रिकामेपणाकडून फुगीरपणाकडे गेला, संस्कृत शब्द फुगीरपणाकडून रिकामेपणाकडे आला, वाट एकच.

तथापि केवळ गर्व म्हणजे 'व्हॅनिटी' नव्हे, हा भेदही इंग्रजीने जपला आहे. जेन ऑस्टेन ह्या लेखिकेची 'प्राइड अँड प्रेजुडिस' ही कादंबरी १८१३ साली प्रसिद्ध झाली. तीत मेरी नावाची एक पुस्तकी मुलगी ह्या दोन शब्दांचा भेद सांगते. तिच्या म्हणण्याचा मतलब असा, की आपले स्वतःविषयी जे मत त्याचे नाव 'प्राइड', आणि इतरांनी आपल्याविषयी जे मत बाळगावे अशी आपली इच्छा तिचे नाव 'व्हॅनिटी'. भेद अचूक आहे. गर्विष्ठास एकांतातही सुख असते. 'व्हॅनिटी'स मात्र प्रेक्षक लागतात. ती नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांत आपले तोंड पाहते, आणि म्हणूनच तिच्या नावाने पुढे आरशाचे टेबल व प्रसाधनाची पेटी ओळखली जाऊ लागली. लेखिकेची खुबी अशी की हा भेद जिच्या मुखातून वदविला, ती मेरीच आपल्या विद्वत्तेचे व वादनाचे प्रदर्शन करण्यास सर्वांत उतावीळ असते. 'व्हॅनिटी'वर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण दृष्टीआड करू नये, हे आम्ही जाणून आहो.

सुधारकांसही ह्या शब्दाच्या इतिहासात एक धडा आहे. इटलीतील फ्लॉरेन्स शहरी साव्होनारोला नावाच्या डोमिनिकन साधूचे वर्चस्व असताना ७ फेब्रुवारी १४९७ रोजी भर चौकात एक मोठी होळी पेटविण्यात आली. मुलांच्या टोळ्यांनी घरोघर फिरून आरसे, अत्तरे, खोटे केस, पत्ते, मुखवटे, वाद्ये, चित्रे व पुस्तके गोळा केली होती. ती सर्व 'व्हॅनिटी' म्हणून अग्नीस दिली. इंग्रजीत ह्या प्रसंगास 'व्हॅनिटीजची होळी' असेच नाव आहे. पुढल्याच वर्षी, २३ मे १४९८ रोजी, त्याच चौकात त्या साधूस फाशी देऊन त्याचे प्रेत जाळण्यात आले. आरसे जाळल्याने तोंड पाहण्याची इच्छा जळत नाही; शिवाय आपण इतरांहून शुद्ध आहो ही भावना हीदेखील प्रेक्षकांची भुकेली असते. लोकांच्या घरांत शिरून त्यांच्या वस्तूंवर रुष्ट होणाऱ्या सुधारणेवर आमचा भरवसा नाही, तो ह्याच कारणाने.

व्यापारी वाचकांस जवळची वाटेल अशी गोष्ट जॉन बन्यनची आहे. परवान्याशिवाय धर्मोपदेश केल्याबद्दल ह्या गृहस्थाने बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे काढिली. त्याच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' ह्या १६७८ सालच्या ग्रंथात 'व्हॅनिटी' नावाचे एक गाव आहे आणि त्या गावी बारा महिने एक जत्रा भरते. तेथे घरे, जमिनी, पदव्या, मानमरातब, राज्येसुद्धा विकाऊ असतात. दोन यात्रेकरू तेथून जाताना काहीच विकत घेत नाहीत. तेव्हा बाजारात गडबड उडते, त्यांस धरतात, आणि व्यापारात व्यत्यय आणिला ह्या आरोपाखाली न्यायाधीश व ज्यूरी ह्यांच्यापुढे उभे करून एकास ठार मारितात. ह्या ग्रंथाचे मराठी भाषांतर हरि केशवजी ह्यांनी 'यात्रिकक्रमण' ह्या नावाने १८४१ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८४७-४८ मध्ये, कलकत्त्यास जन्मलेल्या थॅकरेने ह्याच जत्रेचे नाव आपल्या कादंबरीस दिले. ज्याने काही घेतले नाही तोच गुन्हेगार ठरतो, ही बन्यनची कल्पना ज्यांस अतिशयोक्त वाटत असेल, त्यांनी आपल्या मुलीचे लग्न पन्नास माणसांत उरकून पाहावे आणि मग बिरादरीची ज्यूरी काय निकाल देते तो ऐकावा.

अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ ह्याने तर १७७६ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात 'व्हॅनिटी'मुळे एक सबंध सत्ताधारी वर्ग कसा नामशेष झाला हे दाखविले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. पूर्वी युरोपातील मोठमोठे जमीनदार आपल्या उत्पन्नावर हजारो माणसे पोशीत, आणि ती माणसे हेच त्यांचे बळ असे. परदेशी व्यापार वाढून चैनीच्या वस्तू मिळू लागल्या, तेव्हा हजार माणसांच्या वर्षभराच्या पोटगीइतकी किंमत हे सरदार बुटांच्या हिरेजडित बकलांच्या एका जोडीस देऊ लागले. बकल एकट्याचे, त्यात कोणास वाटा द्यावयास नको! माणसे सुटली, बळ गेले, आणि पोरकट हौसेच्या मोबदल्यात सत्ता हातची निघून गेली. व्यापाऱ्यांनी हे देशहितासाठी केले नाही. ते आपला नफा पाहत होते. ज्यांनी बकले घेतली त्यांसही आपण काय विकीत आहो हे समजले नाही.

आता ह्या शब्दाचे आमच्याशी जे रक्ताचे नाते आहे ते सांगतो. संस्कृतात 'ऊन' म्हणजे कमी. 'न्यून' ह्या शब्दात तोच आहे. मराठीत त्याचे 'उणे' झाले, 'उणीव' झाली. एकोणीस म्हणजे एक उणे वीस. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत सर्व 'एकोण' ह्याच शब्दाने बनले आहेत. तुलनात्मक भाषाशास्त्राचे पंडित हा 'ऊन' आणि लॅटिन 'वानुस' ह्यांस एकाच मूळ धातूखाली घालतात. चंद्रकला घटू लागली म्हणजे इंग्रज जो 'वेन' शब्द वापरितो, आणि उणीव ह्या अर्थाचा 'वाँट', हेही त्याच कुळातले. अर्थात आमचा वाणी वजाबाकी करिताना जो शब्द उच्चारितो, तो 'व्हॅनिटी'चा चुलत भाऊ होय.

हे प्रथम वाचनात आले तेव्हा आम्हांस झालेला आनंद कशा जातीचा होता, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मनात पहिला विचार हा आला, की पाहा, इंग्रजांचा शब्दसुद्धा आमच्या संस्कृतातून निघालेला! आम्ही राष्ट्राभिमानी आहो, पण हा विचार खोटा आहे. विल्यम जोन्स हा कलकत्त्याच्या वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश. त्याने १७८६ साली तेथील एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांचे साम्य दाखवून त्या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, आणि ती मूळ भाषा कदाचित आज उरली नसावी, असे प्रतिपादन केले. पुढील संशोधनाने हे मत दृढच केले आहे. संस्कृत ही लॅटिनची बहीण आहे, आई नव्हे. बहीण असणे ही कमीपणाची गोष्ट नाही. तरीही आईपणाचा मान मिळावा असे आमच्या मनास वाटले, आणि तो मान जगाने पाहावा असे वाटले. मेरीच्या व्याख्येप्रमाणे ह्याचेच नाव 'व्हॅनिटी'. पूर्वजांनी विमाने उडविली, सर्व शास्त्रे आमच्याकडूनच गेली, असे जे व्यासपीठावरून सांगितले जाते, त्याचीही हीच जात. पाणिनीचे व्याकरण आणि आर्यभटाचे गणित ही आमची खरी जमा आहे. ती वाचणारे किती, हा प्रश्न आला की मात्र सभा शांत होते.

शेवटी पूर्वीच्या प्रश्नाकडे वळू. काही वर्षांपूर्वी एक मध्यम स्थितीतील दुकानदार आमच्याकडे कागदपत्र घेऊन आले. मुलीच्या लग्नास तीन वर्षे झाली होती. मंगल कार्यालय, वाजंत्री, रोषणाई, चित्रफीत, दोन वेळची पंगत ह्यांकरिता दुकानातील माल गहाण टाकून काढलेले कर्ज व्याजासह उभे होते, आणि सावकाराची नोटीस आली होती. आम्ही विचारिले, एवढा खर्च कशाकरिता? ते म्हणाले, "वकीलसाहेब, चार लोकांत नाक राहिले पाहिजे." आम्ही पुन्हा विचारिले, ते चार लोक कोण? गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरे सांगू? कोण कोण आले होते तेही आता आठवत नाही." दुकान पुढे अर्ध्यावर आले, आणि ज्या मुलीकरिता हे केले ती बापाच्या कर्जाच्या काळजीने माहेरी येण्यास संकोच करू लागली. हे गृहस्थ गर्विष्ठ नव्हते. उलट अत्यंत भिडस्त होते. 'व्हॅनिटी'स बळी पडावयास गर्विष्ठ असावे लागत नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांची भीती पुरे होते.

ह्यावर आमचे म्हणणे साव्होनारोलाचे नाही. लग्नात आनंद करू नये, चांगले नेसू नये, आरसा पाहू नये, असे आम्ही सांगत नाही. हौसेने, आपल्या ऐपतीतून, आपल्या माणसांकरिता केलेला खर्च हा खर्च आहे. तो वहीत नावे पडतो आणि तेथेच संपतो. आमची तक्रार आहे ती त्या रकमेविषयी, जी मनुष्य उणे असता जमेच्या बाजूस मांडतो. कर्ज काढून मिरविलेली रोषणाई त्यास प्रतिष्ठेची जमा वाटते. पूर्वजांची न केलेली कामे राष्ट्रास वैभवाची जमा वाटतात. दुकानदारास न विकलेल्या मालाची वाहवा करणाऱ्या अनोळखी लोकांची संख्या धंद्याची जमा वाटते. बेरीज मोठी येते, आणि दिवाळे निघेपर्यंत चूक सापडत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमचे व्यापारी बांधव नवी वही उघडितात. त्या रात्री जुन्या वहीतील वर्षभराच्या रकमांवरून एकदा बोट फिरवावे, आणि जी जी रक्कम केवळ चार लोकांच्या डोळ्यांकरिता खर्ची पडली तिच्यापुढे 'उणे' हा शब्द स्वच्छ अक्षरात लिहावा, एवढेच आमचे मागणे आहे. घरात उपवर मुलगी असेल तर ते पान तिलाही दाखवावे, आणि येत्या लग्नसराईचा खर्च तिच्यासमोर बसून ठरवावा.